एका दाराचं घर

कापलेल्या धानाचा वास सकाळी वेगळा असतो आणि दुपारी वेगळा. सकाळी दव पडलेलं असतं, तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आडव्या टाकलेल्या धानाला ओला, थोडा आंबूस वास येतो. दुपारी तेच धान उन्हात तापलं की कुठेतरी लाह्या फुटत असाव्यात असं वाटतं. आमचं गाव सडक अर्जुनीपासून आत, जंगलाच्या काठाला आहे. दिवाळी झाली की महिना-दीड महिना हा वास गावात राहतो, कपड्यांत राहतो, केसांत राहतो. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. मी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायचे आणि व्हॅनमध्ये माझ्या शेजारी डॉक्टरांची मुलगी बसायची. तिला वास येऊ नये म्हणून मी दप्तर छातीशी धरून खिडकीला चिकटून बसायचे.

आता मी नागपूरला नोकरी करते. तिथे हा हंगाम आल्याचं मला रस्त्यावर स्वेटर विकायला बसलेल्या बायकांवरून कळतं. यंदा आठवड्याची रजा काढून घरी आले आहे. बाबा उन्हाळ्यात गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आईनं पाणी आणेपर्यंत संपलं होतं. त्यांच्याशिवायची ही पहिली कापणी.

कापणी म्हणावं असं खरं तर काही उरलेलं नाही. पूर्वी आमच्या बांध्यांमध्ये दहा-बारा दिवस विळे चालायचे. यंदा हार्वेस्टर आला आणि चहा थंड व्हायच्या आत पहिली बांधी रिकामी करून पुढे गेला. आई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तुरीच्या सावलीत बसून बघत होती. यंत्रानं तणस, धानाचा पेंढा, शेतभर फेकून दिलं होतं.

"बाप्पा, तणसाचं त वाटोळंच केलं यानं," ती म्हणाली. "आता ढीग कायचा रचू?" मग थोड्या वेळानं, "असते त बोंबलले असते."

बाबांबद्दल ती अशीच बोलते. नाव न घेता, मधूनच. जणू ते बैल पाण्यावर न्यायला गेले आहेत आणि येतीलच.

आमच्या अंगणात गोठ्याला लागून एक लहानसं घर आहे. दोन-अडीच हात उंच. वर कवेलूंचं छप्पर, खाली दगडांचा ओटा, भिंती कुडाच्या. बांबूच्या कामट्या विणून त्यावर माती थापली की कूड होतो. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती अशाच. या घराला समोर एक दार आहे आणि दुसरं काही नाही. यंदाच्या पावसानंतर त्याला कोणी हात लावला नाही, त्यामुळे खालची माती गळून आतल्या कामट्या दिसायला लागल्या आहेत. ते घर बुन्याचं. म्हणजे त्याच्यासाठी बांधलेलं.

दुसरीत असताना आम्हाला प्राण्यांच्या घरांचा धडा होता. मी सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसून मोठ्यानं घोकायचे आणि बाबा समोर दोरी वळत बसायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं घोकणं त्यांना गाण्यासारखं आवडायचं. पुस्तकात कुत्र्याच्या घराला केनेल म्हटलं होतं. चित्रात लाल छपराचं घर, त्याला कमानीसारखं दार, दारावर कुत्र्याचं नाव. मी बाबांना ते दाखवलं.

"अन् आपल्या गावचे कुत्रे कुठं रायतेत?" त्यांनी विचारलं.

"ते पुस्तकात नाहीत."

"मंग पुस्तक अधुरं हाये म्हण."

मी रागावले. पुस्तक अधुरं असू शकतं हे मला तेव्हा मान्य नव्हतं.

बुन्या मी दहावीत असताना आला. आई फाट्यावरून येताना पदरात घेऊन आली. हायवेवरच्या ढाब्यामागे ट्रकच्या चाकांमध्ये एकटाच कुंईकुंई करत फिरत होता म्हणे. मातीच्या रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. मी त्याचं नाव ब्रुनो ठेवलं. आईच्या जिभेवर ते एक दिवसही टिकलं नाही. तिनं त्याचा बुन्या केला आणि मग तो सगळ्या गावाचा बुन्या झाला.

तो आईचा होता. ती शेतावर निघाली की तो पुढे. ती कापायला वाकली की तो धुऱ्यावर तिच्या डब्याजवळ. ती कुठे गावाला गेली तर तो फाट्यापर्यंत सोडायला जायचा आणि परतायच्या दिवशी तिथे जाऊन बसायचा. कोणता दिवस हे त्याला कसं कळायचं, आम्हाला माहीत नाही. आई सांगायची, "मी त्याले सांगून जातो ना वो, मंगळवारी येतो म्हणून." आणि हे ती गमतीनं म्हणत नसे.

मी मात्र त्याच्याशी बोलायचे. मी फार बोलणारी नव्हते. शाळेतलं इंग्रजी आणि घरातली झाडीबोली, दोन्हीकडे मला दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं व्हायचं. घरी बोलले की मोतीरामकाका, आमचे शेजारी, हसायचे. "पोरगी पुस्तकातलं बोलते रे भाऊ, हिच्यासंग बोलाचं म्हणजे धोतर नेसून बसा लागते." मग मी आत जायचे. बुन्या अभ्यासाच्या वेळी माझ्या पायाशी पडून असायचा. त्याला मी जे काही सांगितलं ते मी नंतर कोणालाच सांगितलेलं नाही.

बारावीच्या दिवाळीत मी बाबांना म्हटलं, "बुन्याला घर बांधू या?"

मी बाबांकडे काही मागत नसे. कपडे, सायकल, काहीच नाही. मागायचं म्हणजे बोलावं लागतं. त्यामुळे ते दोरी वळायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"आता? भारी धान उभं हाये बाई."

"राहू द्या मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कोयत्याच्या आवाजानं जाग आली. बाबा वाडीतले बांबू तोडत होते.

तो हंगाम आठवला की मला धान नाही, ते चार दिवस आठवतात. हलकं, लवकर येणारं धान कापून झालं होतं, उशिराचं भारी अजून पिवळं पडत होतं. मधल्या त्या फटीत बाबांनी हे काम बसवलं. त्यांनी बांबू चिरून कामट्या केल्या आणि मला विणायला शिकवलं. एक वर, एक खाली, कोपऱ्यात वळवताना पाणी लावायचं नाहीतर तडकते. माझी बोटं सोलली. त्यांनी बुन्याचं माप वितीनं घेतलं. तो उभा राहीना, लोळायचा, त्यांचा हात चाटायचा. "नीट उभा राय रे, शिंपी काय करन मंग?" असं ते त्याला म्हणाले आणि मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. बोडीतून, गावच्या लहान तळ्यातून, काळी चिकट माती आणली. तीत शेण आणि धानाचा कोंडा घालून आम्ही दोघांनी पायांनी तुडवली. बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. मी सलवार दुमडली. गार, मऊ माती बोटांमधून वर यायची. बापलेकीनं इतका वेळ समोरासमोर उभं राहून काहीतरी करण्याची ती बहुधा पहिली वेळ होती. बोलणं जवळजवळ नव्हतंच. पण मला अवघडल्यासारखं झालं नाही.

मोतीरामकाका कुंपणावरून डोकावले. "काय गा, धान उभं हाये अन् तुमी कुत्र्याचा बंगला बांधून राहिले?"

"बंगला नोय, केनेल हाये," बाबा म्हणाले. अगदी बरोबर उच्चारात. इतकी वर्षं त्यांनी तो शब्द जपून ठेवला होता.

"अन् वास्तुशांतीचं जेवण कधी?"

"तुमाले बलावतो. पण आत बसून जेवा लागन."

दाराच्या वेळी मात्र आमचं जमेना. बाबांना मागच्या भिंतीत दुसरं दार ठेवायचं होतं. आमच्या गावात एका दाराचं घर कोणी बांधत नाही. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं वाडीत; गोठ्यालासुद्धा मागून फट असते.

"चित्रात एकच आहे," मी म्हटलं.

"चित्रातल्या कुत्र्याच्या गावात बिबट हाये का?"

मी हसले. त्यांनीही हसण्यावारी नेलं. मागच्या कामट्या कापण्यासाठी उचललेला कोयता त्यांनी खाली ठेवला आणि ती भिंत अखंड लिपून टाकली. दारावर मी चुन्यानं इंग्रजीत नाव लिहिलं. आईनं उंबऱ्यावर हळद-कुंकू लावलं आणि बुन्याच्या कपाळालाही.

बुन्या त्या घरात गेला नाही.

पहिल्या दिवशी त्यानं आत तोंड घातलं, हुंगलं आणि तणसाच्या ढिगावर जाऊन झोपला. मी आत पोतं अंथरलं. त्यावर तणस पसरलं. माझा जुना शाळेचा स्वेटर ठेवला. भाकरीचा तुकडा आत टाकला. तो पुढचे दोन पाय आत ठेवून, मागचे बाहेर ठेवून भाकरी खायचा आणि निघून जायचा. तिसऱ्या दिवशी एका कोंबडीनं आत अंडं घातलं. मोतीरामकाकांनी ते गावभर केलं. बाबा पानठेल्यावर गेले की, "काय म्हणते भाऊ तुमची कोंबडी, बंगल्यात करमते का?" बाबा हसायचे. मला ते हसणं बघवायचं नाही. चार दिवस, उभं धान सोडून, माझ्या एका शब्दासाठी त्यांनी ते बांधलं होतं. आणि तो मूर्ख कुत्रा ढिगावर झोपत होता.

त्याच सुमारास नहराच्या पांदणीवर, कालव्याकाठच्या वाटेवर, बिबट्याच्या पंजाचे ठसे दिसले. आमच्याकडे ही नवलाची गोष्ट नाही. लोक संध्याकाळी लवकर घरी यायला लागले, शेळ्या आत बांधायला लागले. कुत्र्यांना कोणी बांधलं नाही. कुत्र्यांना आमच्या गावात कधीच कोणी बांधत नाही. मी अर्जुनीच्या बाजारातून एक साखळी आणि एक पट्टा आणला. दोन दिवस ते माझ्या दप्तरात पुस्तकांच्या खाली होतं.

आई मामाकडे पूजेला गेली त्या संध्याकाळी मी बुन्याला त्याच्या घरासमोर बांधलं. बाबा शेतावरून आले तेव्हा तो दारात बसला होता आणि साखळीकडे बघत होता.

"सोड त्याले," बाबा म्हणाले. "मोकळा कुत्रा छतावर चढते, तणसात घुसते, कोणाच्या घरात शिरते. बांधलेला कुठं जाईन?"

"बाहेर बिबट आहे, बाबा. आणि आई नाही तर हा रात्रभर फाट्यावर जाऊन बसेल. ट्रक असतात. फक्त आजच्या दिवस."

ही दोन्ही कारणं खरी होती. पण त्यांच्यामागे तिसरं होतं आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मला तो त्या घरात झोपलेला बघायचा होता. सकाळी मोतीरामकाकांनी कुंपणावरून डोकवावं आणि तो आतून बाहेर येताना त्यांना दिसावा, एवढंच.

बाबा म्हणाले, "बरं. आजच्या दिवस."

रात्रीचं मी फार सांगणार नाही. एकदाच ओरडला तो. बाबा बॅटरी घेऊन धावले तोवर अंगणात ना बिबट होता, ना बुन्या; तुटलेला पट्टा त्या घराच्या आत पडला होता. बुन्या आत शिरला होता. घाबरून शेवटी त्याच घरात शिरला होता. मागे भिंत होती.

उजाडल्यावर बाबांनी अंगण धुतलं, शेणानं सारवलं. पट्टा आणि साखळी कुठे नेऊन पुरली ते मी विचारलं नाही. मी सपरीत खांबाला टेकून बसले होते. आई पहिल्या गाडीनं यायची होती. फाट्यावर बुन्या दिसला नाही म्हणून ती गावात शिरल्यापासून त्याला हाका मारत आली. त्या हाका आम्ही दोघांनी ऐकल्या. आधी लांबून, वळणावरून, मग पिंपळाजवळून, मग आमच्या गल्लीतून. "बुन्याऽ! ए बुन्याऽ! कुठं मेला रे मुडद्या!" तिच्या आवाजात हसू होतं. पिशवीत त्याच्यासाठी मामाच्या घरचे वडे होते.

ओलं सारवण बघून ती दारातच थांबली. सारवायचा दिवस नव्हता तो. मग तिनं त्या घराकडे पाहिलं, दारात रोवलेली खुंटी पाहिली.

"बांधला होता?" तिनं विचारलं. आणि मग, "कोणं बांधला?"

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मला आजही नक्की आठवतं.

"मी," बाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "तुमाले मालूम नाही का? तुमी या गावात जन्मले ना?"

"चुकलं," बाबा म्हणाले.

"तुमच्या हातानं गेला तो. तुमच्या हातानं."

बाबांनी तिची पिशवी उचलून आत ठेवली. मी तोंड मिटलं. मला वाटलं होतं, संध्याकाळी सांगू. आई थोडी शांत झाली की सांगू.

आई आठ दिवस बाबांशी बोलली नाही. तीन माणसांचं घर, आणि भारी धानाची कापणी सुरू झालेली. दोघं एकाच बांधीत, हातभर अंतरावर, वाकून कापायचे. आई मला सांगायची, "त्यायले सांग, चहा झाला." बाबा सांगायचे, "मायले म्हण, उद्या वरची बांधी घेऊ." मी परीक्षेचा अभ्यास सोडून शेतात जायचे, पाणी द्यायचे, निरोप द्यायचे. त्या आठ दिवसांत मी जितकं बोलले तितकं आधी कधीच बोलले नव्हते. याचं त्याला, त्याचं तिला. माझं स्वतःचं एक वाक्य होतं, तेवढं राहिलं.

वनखात्याचा गार्ड आला, ठसे बघितले, वहीत लिहिलं. कुत्रा कोणी बांधला होता, त्यानंही विचारलं. बाबा पुन्हा "मी" म्हणाले. तो चिडला. "काका, तुमी त त्याले ताट वाढून ठेवलं." हे वाक्य मोतीरामकाकांनी उचललं. पुढे कितीतरी दिवस पानठेल्यावर ते बाबांना विचारायचे, "काय गा, आज काय वाढलं बिबट्याले?" प्रत्येक वेळी ते खोटं बाबांना नव्यानं बोलावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी ते त्यांना आधीपेक्षा सोपं जात होतं. मला वाटतं शेवटी शेवटी त्यांना ते खरंच वाटत असावं.

नवव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. कापलेलं धान भारे बांधून रचलेलं होतं, उघडं. आई धावत आली, "अहो उठा, ढग आलं, पुंजणं झाका!" बाबा उठले. ताडपत्रीची दोन टोकं दोघांनी धरली. अबोला असा मोडला. त्या धावपळीत कोणी कोणाला माफ केलं नाही. पाऊस फक्त शिंतोडे टाकून गेला.

मग बारावी झाली आणि मी नागपूरला कॉलेजला निघाले. बाबा मला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला आले. मागे बसून बोलणं मला सोपं वाटलं, चेहरा दिसत नव्हता. "बाबा," मी म्हटलं, "ती साखळी..."

"गाडी आली बघ," ते म्हणाले. गाडी अजून लांब होती, ढाब्याच्याही पलीकडे. "खिडकीजवळ बस. डबा वरच्या पिशवीत हाये."

त्यांनी तसं का केलं याचा मी बारा प्रकारे विचार केला आहे. कदाचित त्यांना वाटलं असेल की नवऱ्यावरचा राग आठ दिवसांत उतरतो, मुलीवरचा मनात राहतो. आणि मुलगी सहा महिन्यांत घर सोडून जाणार आहे. कदाचित त्यांनी काहीच विचार केला नसेल. "आजच्या दिवस" असं तेही म्हणाले होते. त्यात आपलाही हात आहे असं त्यांना वाटलं असेल. मला माहीत नाही. विचारायला वेळ होता तेव्हा मी खिडकीजवळ बसत होते.

दर वर्षी पाऊस संपला की दिवाळीआधी आई घर लिपायची, पांढऱ्या मातीचा पोतारा मारायची. बुन्याच्या घराला ती शिवत नसे. ते बाबा लिपायचे. बोडीची माती आणायचे, कोंडा घालायचे, एकटेच तुडवायचे, फुटलेलं कवेलू बदलायचे. आत कोणी राहत नव्हतं. आई जाता-येता टोमणा मारायची, "पाप झाकून राहिले का?"

"झाकत नाही वो. लिपून राहिलो."

सगळ्यांना वाटायचं, पश्चात्तापानं करतात. मी सुट्टीत आले की ते नवं लिपण बघायचे आणि मला वेगळंच वाटायचं. मी बाबांकडे एकदाच काहीतरी मागितलं होतं, आणि ते त्यांनी पडू दिलं नव्हतं.

बाबांच्या तेराव्याला मांडवात मोतीरामकाका बोलायला उभे राहिले. आता तेही थकले आहेत. "देवमाणूस," ते म्हणाले. "जन्मात कोणाचं वाकडं केलं नाही. एक त्या कुत्र्याचं तेवढं सोडा." लोक हसले, प्रेमानं हसले. डोळे पुसता पुसता आईही हसली. मी भाजीची बादली घेऊन पंक्तीत होते. पुढच्या पत्रावळीकडे गेले आणि वाढलं.

चार दिवसांपूर्वी, दुपारी, आई अंगणात नवे तांदूळ निवडत बसली होती. मी समोर. ऊन अंगावर चांगलं वाटत होतं. तिनं सुपातून मान वर करून त्या घराकडे पाहिलं.

"यंदा लिपाले कोणी नाही त्याले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट एक माया होती, जी मी बाबा असताना त्या विषयावर कधी ऐकली नव्हती. "ज्यायनं बांधलं कुत्र्याले ते त गेले. आता कायले राखाचं? पाडून टाकू."

मला गप्प राहता आलं असतं. घर पडलं असतं, तिच्या मनात एक चुकलेला आणि माफ केलेला नवरा राहिला असता. तिनं त्यांना माफ केलं होतं, हे मला त्या आवाजावरून कळलं. ज्या चुकीसाठी माफ केलं ती त्यांची नव्हती. ती माफी त्यांच्या नावावर अशीच राहू द्यावी हे मला सहन झालं नाही. की मलाच माझं ओझं उतरवायचं होतं? हेही असेल.

"आई, बुन्याला मी बांधलं होतं."

सूप हलत राहिलं. "काय म्हणलं?"

"मी बांधलं होतं. साखळी मी आणली होती. बाबा नको म्हणाले होते."

"बिबट्याच्या भेवानं?"

"तो त्या घरात झोपत नव्हता म्हणून."

सूप थांबलं. आई माझ्याकडे बघत नव्हती, तांदळाकडे बघत होती.

"अन् ते माह्या तोंडावर खोटं बोलले?"

"हो."

"मी आठ दिवस त्यायच्याशी बोलली नाही."

"हो."

"तुले दिसत होतं ना? तू त मधात होती. तूच त सांगत होती मले, बाबा हे म्हणतेत, बाबा ते म्हणतेत."

मी मान हलवली.

"इतके वर्सं मी त्यायले बोलत राहिली. लोकायसमोर बोलली. ते गेले त्या दिवशी सकाळीबी बोलली, मालूम हाये तुले? चहात साखर जादा झाली होती. मी म्हणलं, तुमाले कुत्राबी समजत नाही अन् साखरबी समजत नाही. हसले अन् पेले." तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. "आता कायले सांगतं वो? आता मी कोणाले जाऊन सांगू?"

ते सूप तसंच ठेवून ती उठली, आत गेली, आणि बराच वेळ आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

आज चौथा दिवस आहे. आई माझ्याशी बोललेली नाही. जेवण होतं, माझं पाणी तापतं, अंथरूण घातलेलं असतं. ती शेतावर जाते, पसरलेलं तणस एकटीच गोळा करते. मी गेले तर ती दुसऱ्या बांधीत जाते. मी बाहेर बसले की ती आत असते, मी आत आले की ती वाडीत. माझ्याकडे न बघता ती माझ्या जवळून जाते तेव्हा मला तिचा श्वास ऐकू येतो, इतकं घर लहान आहे.

उद्याच्या गाडीनं जायचं होतं. मघाशी ऑफिसला फोन करून मी रजा वाढवून घेतली. किती दिवस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगू शकले नाही. आई सपरीत पसरलेलं धान उकरत होती. तिनं ऐकलं असणार. तिचा हात थांबला नाही. मला तिला सांगायचं होतं की मी जात नाहीये, थांबतेय, लागतील तितके दिवस थांबेन. पण असं काही सांगायचं झालं की आमच्या घरात ते तिसऱ्याकडून सांगायची पद्धत आहे, आणि तिच्यात आणि माझ्यात निरोप न्यायला आता कोणी नाही.